नेम आणि चौकट : उडत्या पक्ष्याच्या छायाचित्राची कथा

मराठी भाषेंत ‘टिपणें’ हें एक विलक्षण क्रियापद आहे. पांखरूं दाणा टिपतें, शिकारी पांखराला टिपतो, आणि छायाचित्रकारही पांखराला टिपतो. कारकून सभेंतील भाषण टिपून घेतो, आणि आई रडत्या लेकराचे डोळे पदरानें टिपते. भूक, हिंसा, स्मरण आणि माया हीं चारही एकाच शब्दाच्या आश्रयाला आलेलीं पाहून भाषेच्या मनांत काय असावें असा प्रश्न कोणासही पडेल. इंग्रजींतही गोळी झाडणें व छायाचित्र घेणें या दोहोंसाठीं एकच शब्द रूढ आहे. हें साम्य केवळ अलंकारिक नाहीं. उडत्या पक्ष्यांचीं लागोपाठ चित्रें ज्या यंत्रानें प्रथम घेतलीं तें यंत्र नळी, दस्ता व घोडा असलेली खरीखुरी बंदूकच होतें, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. त्या बंदुकीपासून आजच्या कॅमेऱ्यापर्यंतचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों. त्यांतून निघणारें तात्पर्य आरंभींच सांगून टाकतों. उडत्या पक्ष्याचें चित्र जसजसें सुधारत गेलें, तसतसा तें घेणाऱ्यामधला शिकारी मागें हटत गेला; आणि चौकटींत पक्ष्याला कोठें बसवावें हा रचनेचा प्रश्न अखेरीस पक्ष्याला या जगांत किती जागा ठेवावी या प्रश्नापाशींच येऊन पोंचला.

१८३९ सालीं फ्रान्समध्यें दागेर यांची छायाचित्रणाची कृति प्रसिद्ध झाली, तेव्हां भर उन्हांतही चित्र उमटण्यास कांहीं मिनिटें लागत. घरें, पुतळे आणि डोंगर एवढींच काय तीं या विद्येचीं खात्रीचीं गिऱ्हाइकें होतीं. रस्त्यावरून चालणारा माणूसही जेथें पुसून जाई, तेथें पांखराची कथा काय! त्या काळीं पक्ष्यांचीं म्हणून जीं चित्रें निघत तीं बहुधा पेंढा भरलेल्या पक्ष्यांचीं असत. १८५१ नंतर ओल्या काचेची कृति आली. तिनें वेळ कमी केला, पण काच ओली आहे तोंवरच सारें काम उरकावें लागे, आणि त्यासाठीं अंधाऱ्या खोलीचें बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडावें लागे. १८७१ सालीं रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनीं जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना पुढें मांडली व १८७८ सालीं चार्ल्स बेनेट यांनीं तिची संवेदनशीलता पुष्कळ वाढविली. तेव्हां कोठें सेकंदाच्या लहानशा अंशांत चित्र उमटणें शक्य झालें.

त्याच १८७८ सालच्या जून महिन्यांत अमेरिकेंत पालो आल्टो येथें एडवर्ड मायब्रिज यांनीं धांवत्या घोड्याच्या वाटेवर कॅमेऱ्यांची रांग लावून त्याच्या पावलांचीं क्रमवार चित्रें घेतलीं. तीं चित्रें ‘ला नात्यूर’ या फ्रेंच पत्रांत छापून आलीं आणि पॅरिसमधील एका शरीरशास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडलीं. त्यांचें नांव एत्येन-झ्यूल मारे. मारे हे बरींच वर्षें पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करीत होते. पक्ष्याच्या अंगावर हलकीं उपकरणें बांधून पंखांची हालचाल काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर लिहून घ्यावयाची, ही त्यांची रीत. १८७३ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं दिलेली मोजदाद अशी कीं, एका सेकंदांत चिमणी १३ वेळां पंख मारते, रानबदक ९ वेळां, कबूतर ८ वेळां आणि गव्हाणी घुबड ५ वेळां. पंख किती वेळां हलला हें काजळीवरील रेघेनें सांगितलें. परंतु हलतांना तो कसा दिसतो हें त्या रेघेला सांगतां येईना. मायब्रिज यांचे घोडे पाहतांच मारे यांनीं त्या पत्राच्या संपादकांस लिहिलें कीं, पक्ष्यांचीं अशीं चित्रें मिळावींत, आणि त्यासाठीं एखादी छायाचित्रणाची बंदूक असावी अशी कल्पना आपल्या मनांत घोळत आहे. १८८१ सालीं मायब्रिज पॅरिसला आले व कबुतरांचीं चित्रें बरोबर घेऊन आले; पण त्यांनीं मारे यांचें समाधान झालें नाहीं. घोडा आंखलेल्या वाटेनें धांवतो, पक्षी कोणाच्या रांगेसमोरून उडत नाहीं. तेव्हां कॅमेऱ्यानेंच पक्ष्याच्या मागें जावयास हवें, हें उघड झालें.

बंदुकीचा हा विचार अगदींच निराधार नव्हता. झ्यूल जान्सन या फ्रेंच ज्योतिर्विदानें १८७४ सालीं शुक्राचें सूर्यबिंबावरून होणारें अधिक्रमण टिपण्यासाठीं एक ‘रिव्हॉल्व्हर’ बनविलें होतें. त्यांत काच टप्प्याटप्प्यानें फिरून एकामागून एक चित्रें उमटत. हेच जान्सन १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेधासाठीं आपल्या देशांत गुंटूर येथें आले होते. जी युक्ति शुक्राच्या संथ गतीसाठीं योजिली गेली तिला मारे यांनीं पांखराचा वेग दिला. १८८२ सालीं नेपल्स येथें त्यांनीं आपली बंदूक वापरली. नळींत भिंग, मागें घड्याळी यंत्रावर फिरणारी चकती, आणि घोडा ओढला कीं एका सेकंदांत बारा चित्रें. प्रत्येक चित्राला प्रकाश मिळे तो सेकंदाचा अवघा ७२० वा भाग. समुद्रावरील कुरव पक्ष्यावर त्यांनीं ती रोखली, तेव्हां पक्षी सेकंदाला बरोबर तीन वेळां पंख मारतो असें आढळलें. म्हणून बारा चित्रांत पंखांच्या चार अवस्था आलटून पालटून तीन वेळां आल्या. पांखरांवर नेम धरून एकही पांखरूं न मारणाऱ्या या गृहस्थाला आसपासचे लोक खुळा समजत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, जगांतील पुष्कळ शोधांना अशा खुळेपणाचा वास येतो खरा.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. त्या बंदुकीला नेम होता, पण तिला चौकट नव्हती. म्हणजे काचेला कड होती, परंतु त्या कडेच्या आंत पक्षी कोठें असावा, त्याच्यापुढें किती आकाश असावें, याचा विचार करण्याचें कारणच नव्हतें. पक्षी मध्यभागीं यावा हीच काय ती इच्छा, आणि ती सर्वस्वीं शिकाऱ्याची इच्छा होय. मारे यांना सौंदर्य नको होतें, पुरावा हवा होता. आणि उजळ आकाशावर उमटलेल्या त्या इवल्या काळ्या आकृतींनीं तो दिला. पुढें पॅरिसजवळ ब्वा द बुलोन्य येथील आपल्या प्रयोगस्थानीं काळ्या पडद्यापुढून पांढरे पक्षी उडवून त्यांनीं एकाच स्थिर काचेवर अनेक क्षण उमटविले. वरून, बाजूनें व समोरून घेतलेल्या चित्रांवरून १८८७ सालीं उडत्या कुरवाच्या लागोपाठच्या अवस्थांचें शिल्पही त्यांनीं घडविलें. १८९० सालीं त्यांचा ‘पक्ष्यांचें उड्डाण’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पंख खालीं येतांना नुसता खालीं येत नाहीं, तो पुढेंही येतो, ही गोष्ट त्या चित्रांनीं सर्वांच्या डोळ्यांपुढें ठेविली.

या शोधानें चित्रकार मात्र गोंधळले. युरोपांतील चित्रकार उडता पक्षी काढी तो बहुधा पंख उंच उभारलेला. कारण डोळ्याला तीच अवस्था क्षणभर थबकलेली भासते. पंख खालीं झुकलेला, पुढें वळलेला पक्षी त्यांना ओबडधोबड वाटे. जपानी चित्रकारांनीं मात्र या दुसऱ्या अवस्थाही पूर्वींच काढल्या होत्या, ही गोष्ट खुद्द मारे यांच्याच नजरेंत भरली होती. आपल्याकडे अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत हंसांची जी पंक्ति चितारलेली आहे, तिच्यांतही प्रत्येक हंसाची मान, पाय व पंख यांची ठेवण निराळी आहे. एकाच हंसाचे अनेक क्षण पाहत आहों असें वाटावें इतकी. यंत्र नसलेल्या त्या चित्रकारांनीं हें कसें साधलें? त्यांनीं पक्षी दीर्घकाळ पाहिला होता, एवढेंच याचें उत्तर. आणि येथेंच रचनेचा पहिला धडा आहे. यंत्र बाराही क्षण सारख्याच निर्विकारपणें देतें. त्यांपैकीं एखाद्या क्षणीं पंख डोळ्यासमोर आडवा येऊन नुसत्या काठीसारखा दिसतो, तर एखाद्या क्षणीं तो पक्ष्याचा सारा हेतु बोलून दाखवितो. बारांतून एक निवडणें हें यंत्राचें काम नव्हे, तें माणसाचें काम आहे.

ही निवड ज्याच्या चित्रांत प्रथम ठळकपणें दिसते तो छायाचित्रकार म्हणजे ओटोमार आन्शुट्झ. त्या वेळच्या प्रशियांतील, आज पोलंडमध्यें असलेल्या, लिसा गांवचा हा रहिवासी. त्यानें झडप भिंगापाशीं न ठेवतां काचेच्या अगदीं पुढें आणली. फटीचा पडदा काचेवरून झरकन सरके व सेकंदाच्या हजाराव्या भागांत चित्र उरके. १८८४ सालीं त्यानें करकोच्यांचीं चित्रें घेतलीं, तीं युरोपभर गाजलीं. त्यांत करकोचा काळ्या पडद्यापुढला कैदी नव्हता. तो घरट्यावर उतरत होता, घरट्यावरून निघत होता, जोडीदाराशेजारीं उभा होता. पाय लोंबते सोडलेला, पंख पसरून वेग आंवरणारा करकोचा आणि खालीं त्याचें घरटें, असें दृश्य पाहतांना पाहणारा विचारतो, हा कोठून आला व कोणासाठीं आला? पक्षी आणि त्याचें ठिकाण यांतील अंतर हेंच चित्राचा विषय झालें. ओटो लिलिएन्थाल याला उडण्याचें यंत्र करण्यास या चित्रांनीं स्फूर्ति दिली असें सांगतात. त्याचा पक्ष्यांच्या उड्डाणावरील ग्रंथ १८८९ सालीं निघाला, आणि १८९३ मध्यें त्याच्या हवेंतील झेपांचीं छायाचित्रें घेणारा पुन्हा आन्शुट्झच होता.

आतां इंग्लंडकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें पक्षिशास्त्र म्हणजे बंदूक व अंड्यांची पेटी असें समीकरण होऊन बसलें होतें. पक्षी ओळखावयाचा तो मारून, आणि त्याची वीण अभ्यासावयाची ती अंडीं उचलून. अंड्यांचा संग्रह हा प्रतिष्ठित घरांतील छंद होता. यॉर्कशरमधील थ्वेट या खेड्यांतून आलेल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या दोघां भावांनीं या समजुतीला दुसरी वाट दाखविली. १८९२ च्या एप्रिलांत चेरी यांनीं एका थ्रश पक्ष्याच्या घरट्यांतील अंड्यांचें छायाचित्र घेतलें. अंडीं घरट्यांतच राहिलीं, आणि तरी संग्रहाला मिळालीं! १८९५ सालीं त्यांचें ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक निघालें. सर्व चित्रें प्रत्यक्ष निसर्गांत घेतलेल्या छायाचित्रांचीं असलेलें तें अशा प्रकारचें पहिलें पुस्तक मानलें जातें. पक्षी जवळ यावा म्हणून या भावांनीं जे वेष घेतले ते ऐकून हंसूं येतें. कधीं कातड्याचा पोकळ बैल करून त्याच्या पोटांत कॅमेऱ्यासह शिरावें, कधीं खोट्या मेंढीच्या आड दडावें, कधीं कागद व रंग यांच्या खडकांत तासन्‌तास बसावें. परंतु हा विनोद बाजूला ठेवला तर त्यांतील मर्म गंभीर आहे. शिकारी आपल्या शस्त्राची शक्ति वाढवितो. या भावांनीं आपली उपस्थिति कमी केली. दुरून नेम धरणाऱ्याला पक्षी आकाशांतील ठिपका दिसतो. जो त्याच्या पातळीवर, त्याच्या शेजारी बनून बसतो, त्याला पक्ष्याचा डोळा दिसतो. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर भिंग असावें, हा आज प्रत्येक नवशिक्याला सांगितला जाणारा नियम पोकळ बैलाच्या पोटांतच प्रथम शिकला गेला असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

छायाचित्राच्या या नव्या शक्तीची खरी कसोटी मात्र पिसांच्या व्यापारानें पाहिली. त्या काळीं युरोप-अमेरिकेंतील स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांचीं पिसें मिरवीत. बगळ्यांना विणीच्या हंगामांत पाठीवर जीं तलम पिसें येतात त्यांना सर्वांत अधिक मागणी. म्हणून बगळे मारले जात ते नेमके पिल्लें घरट्यांत असतांना. हिंदुस्थानांतूनही हा माल जाई. १९०२ सालीं सरकारनें पक्ष्यांचीं कातडीं व पिसें यांच्या निर्यातीवर बंदी घातली. १९०६ सालीं आर्थर मॅटिंग्ली हे ऑस्ट्रेलियन पक्षितज्ज्ञ न्यू साउथ वेल्समधील एका दलदलींत बगळ्यांच्या वसाहतीचीं चित्रें घेण्यास गेले. कांहीं आठवड्यांनीं ते पुन्हा गेले तों मोठे बगळे मारून टाकलेले, आणि घरट्यांत पिल्लें भुकेनें माना टाकीत असलेलीं. त्यांनीं तें सर्व जसेंच्या तसें टिपलें. १९११ सालीं लंडनच्या रस्त्यांवर तीं चित्रें मोठ्या फलकांवर लावून माणसें फिरविण्यांत आलीं, आणि अखेरीस १९२१ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें पिसांच्या आयातीविरुद्ध कायदा केला. एका चित्रमालेनें कायदा झाला असें कोणी म्हणणार नाहीं. चळवळ मोठी होती आणि ती चालविणारे पुष्कळ होते. तथापि त्या चित्रांच्या रचनेकडे पाहावें. त्यांत उड्डाण नाहीं, झेप नाहीं. घरट्याच्या कडेवर चोंच उघडून वर पाहणारें पिल्लूं आहे, आणि त्याच्या वर, जेथें पंख पसरून उतरणारी आई असावयास हवी, तेथें मोकळी जागा आहे. चौकटींतील रिकामी जागा किती बोलूं शकते याचें याहून मोठें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. त्याच १९११ सालीं इंग्लंडच्या नॉरफोक प्रांतांत एमा टर्नर या बाईंनीं बिटर्न नांवाच्या, बगळ्याच्या कुळांतील पक्ष्याच्या पिल्लाचें छायाचित्र घेतलें. हा पक्षी त्या देशांत विणीसाठीं येईनासा झाला होता. तो परतल्याचा पुरावा तें चित्र ठरलें. एका चित्रांत गेलेल्याची रिकामी जागा आणि दुसऱ्यांत परतलेल्याची भरलेली जागा, अशी त्या वर्षाची जमाखर्चाची नोंद आहे.

मात्र कॅमेरा हातांत घेतल्यानें माणूस आपोआप अहिंसक होत नाहीं. घरटें हें छायाचित्रकाराला फार सोयीचें ठिकाण असतें. कारण तेथें पक्षी येणारच हें ठरलेलें. भिंग आधींच लावून ठेवावें, प्रकाश आधींच मोजावा, आणि पक्षी चोंचींत किडा घेऊन उतरला कीं कळ दाबावी. या सोयीचा मोह विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सर्वत्र पसरला. चित्र स्वच्छ दिसावें म्हणून घरट्यावरील डहाळ्या बाजूस केल्या जात, कधीं छाटल्याही जात. परंतु त्या डहाळ्या पिल्लांचें छप्पर असतात. त्या गेल्या कीं ऊन थेट पिल्लांवर येतें, आणि कावळ्याला व मांजराला पत्ता लागतो. आईबाप बिचकून घरटेंच सोडून जातात. असें चित्र कितीही रेखीव असलें तरी त्याची किंमत दुसऱ्यानें भरलेली असते. आपल्या देशाच्या १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना अथवा घरट्यांना उपद्रव देणें हें ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येंतच घातलें आहे. बंदूक नसतांनाही शिकार होऊं शकते, हें कायद्यालाही उमगलें आहे.

घरट्याचे धोके केवळ पक्ष्यांनाच होते असेंही नाहीं. एरिक हॉस्किंग या प्रसिद्ध इंग्रज छायाचित्रकाराचा डावा डोळा १९३७ सालीं वेल्समध्यें घरट्याजवळ एका घुबडानें काढला. तरी त्यांनीं हें काम सोडलें नाहीं, कीं घुबडांचा रागही धरला नाहीं. चोंचींत उंदीर घेऊन पंख पसरून येणाऱ्या गव्हाणी घुबडाचें त्यांचें १९४८ सालचें चित्र आजही नांवाजलें जातें. त्या सुमारास विजेच्या क्षणिक झोताची मोठी सोय झाली होती. अमेरिकेंत हॅरॉल्ड एजर्टन यांनीं या झोतानें गुंजन पक्ष्याचे पंख हवेंत स्थिर करून दाखविले. त्यांची ती चित्रें १९४७ सालीं ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्यें आलीं. ज्या पंखाची नुसती धूसर छाया डोळ्याला दिसे त्याचें पीस न्‌ पीस आतां मोजतां येऊं लागलें. मारे यांनीं मागितलेला पुरावा त्यांच्या स्वप्नाहूनही अधिक मिळाला. आतां प्रश्न उरला तो चित्राचा.

हिंदुस्थानांतही हा बदल एका आयुष्यांत पाहावयास मिळतो. मुंबईच्या डॉ. सालिम अली यांचें पक्षिजीवन बालपणींच्या छर्ऱ्याच्या बंदुकीनें सुरू झालें. मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून तो मुलगा ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत विचारावयास गेला, आणि त्या प्रश्नांतून एक थोर अभ्यासक घडला. दुसऱ्या महायुद्धांत सिंगापूर पडलें तेव्हां लोक वान थो हे तेथील श्रीमंत चित्रपट-व्यावसायिक हिंदुस्थानांत आले. त्यांची व सालिम अलींची मैत्री जमली आणि दोघांनीं मिळून पक्ष्यांसाठीं पुष्कळ भ्रमंती केली. थो यांचें पक्ष्यांच्या छायाचित्रांचें पुस्तक १९५७ सालीं निघालें. त्याआधीं १९४९ मध्यें लोदर या रेल्वेंतील अधिकाऱ्याचें हिंदुस्थानांतील पक्षिछायाचित्रणाच्या अनुभवांचें पुस्तक प्रसिद्ध झालें होतें. या पिढीचीं चित्रें बव्हंशीं घरट्यावरचीं आहेत. तो काळाचा धर्म होता. आज अनेक स्पर्धा घरट्यावरील चित्रें स्वीकारीतच नाहींत, आणि छायाचित्रकाराला घरटें सोडून पाण्यावर, माळावर व आकाशांत पक्ष्याची वाट पाहावी लागते. आमच्या मतें या बंदीनें पक्ष्यांचें जेवढें हित झालें तेवढेंच चित्रांचेंही झालें.

तें कसें, याचें एक उदाहरण आपल्या परिसरांतलेंच घेऊं. भीमेवरील उजनी धरणाच्या पाण्यावर भिगवणजवळ हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. येथें पक्षी कोठून येईल हें ठरलेलें नाहीं. म्हणून आधीं वारा पाहावा लागतो. पक्षी बहुधा वाऱ्याला तोंड देऊन उठतात व तसेच उतरतात. तेव्हां वारा पाठीशीं व सूर्यही पाठीशीं असेल अशी जागा ज्यानें धरली त्याच्या समोर पक्ष्याचा चेहरा येतो, इतरांच्या वांट्याला शेपूट येतें. थव्यांतल्या माना एकाएकी ताठ उभारल्या जातात, कांहीं पक्षी वाऱ्याकडे तोंड करून चालूं लागतात. उडण्यापूर्वींचीं हीं चिन्हें ओळखणाऱ्याला घाई करावी लागत नाहीं. मग चौकटीचा विचार येतो. रोहित पाण्यावरून धांवत उठतो तेव्हां त्याच्यापुढें जागा जास्त आणि मागें कमी ठेवावी, म्हणजे त्याला जावयास वाट आहे असें वाटतें. तोच पक्षी बरोबर मध्यभागीं ठेवला तर तो उडत नाहीं, टांगलेला दिसतो. त्याच्या पायांनीं पाण्यावर उमटविलेली थेंबांची ओळ मागें राहूं द्यावी, कारण ती त्याच्या प्रवासाची खूण आहे. पाण्यांत पडलेलें प्रतिबिंब अर्ध्यावर तोडूं नये. पार्श्वभूमीवरची खांबांची किंवा होड्यांची गर्दी एक पाऊल बाजूला सरकल्यानें टळत असेल तर तें पाऊल टाकावें. पक्ष्याच्या दिशेनें मात्र टाकूं नये. छायाचित्रकार जवळ सरकल्यामुळें उडालेला थवा आणि आपल्या मर्जीनें उठलेला थवा यांत फरक असतो. पहिल्यांत सर्वांच्या पाठी आपल्याकडे असतात. भीति ही रचनेलाही मारक आहे, हें त्या पाठी सांगतात.

वरील प्रत्येक नियम नीट तपासला तर त्यांत सौंदर्यदृष्टि आणि सभ्यता वेगळ्या करतां येत नाहींत. पुढें जागा ठेवणें म्हणजे पक्ष्याला त्याचा मार्ग आहे हें मान्य करणें. डोळ्याच्या पातळीवर उतरणें म्हणजे वरून पाहण्याचा माज सोडणें. ठिकाणासह पक्षी दाखविणें म्हणजे तें ठिकाण नाहींसें झालें तर पक्षीही उरणार नाहीं याची आठवण ठेवणें. मारे यांच्या बंदुकींत नसलेली चौकट ती हीच.

आज या चौकटीचें महत्त्व कमी झालें नसून वाढलें आहे. मारे यांची बंदूक सेकंदाला बारा चित्रें घेई. आजचे कॅमेरे वीस-तीस सहज घेतात, कांहीं त्याहूनही अधिक घेतात. पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर स्वतःच भिंग रोखणारे कॅमेरे बाजारांत आले आहेत. म्हणजे नेम धरण्याचें काम यंत्रानें आपल्याकडे घेतलें. ज्या कौशल्यावर शिकाऱ्याची प्रतिष्ठा उभी होती तें आतां दुकानांत विकत मिळतें. यामुळें कांहीं जुन्या लोकांस हळहळ वाटते. आम्हांस ती वाटत नाहीं. नेमाची चिंता गेल्यावर माणसाला पाहण्यास वेळ मिळावा, ही अपेक्षा आहे. भीति आहे ती निराळीच. सोपें झालेलें काम पुष्कळ लोक करतात, आणि एका दुर्मिळ पांखराभोवतीं पन्नास भिंगें गोळा होतात. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला फसवून बाहेर काढलें जातें, आमिष ठेवून झेप घ्यावयास लावलें जातें. असल्या चित्रांत झेप असते, पण ती पक्ष्याची नसते. बंदूक गेली तरी शिकारी गेला नाहीं, तर दीड शतकाच्या या इतिहासांतून आपण काय शिकलों?

म्हणून घरांतील मुलाच्या हातीं नवा कॅमेरा देणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींस आमची एक सूचना आहे. त्याला सेकंदाचे अंश व भिंगाचीं मापें अवश्य शिकवावींत. परंतु त्याआधीं आठ दिवस कॅमेऱ्यावांचून एखाद्या तळ्याकांठीं बसवावें व हातांत एक वही द्यावी. कोणता पक्षी कोठून येतो, वारा कसा वाहतो, उडण्यापूर्वीं तो काय करतो, कोणाला भितो, हें त्यानें वहींत टिपावें. आरंभीं सांगितलेल्या शब्दाच्या अर्थांपैकीं हा अर्थ त्याला आधीं कळला, तर चौकटींत पक्ष्यापुढें जागा किती ठेवावी हें त्याला फारसें शिकवावें लागणार नाहीं.